चौऱ्याऐंशी फूट कोरडं

माझं नाव शिदू. कागदावर लांबलचक लिवलंय, पण त्या नावानं मला कुणी हाक मारल्याचं मला आठवत न्हाई. म्हसवडच्या सिद्धनाथाला नवस बोलून मी झालो म्हणून शिदू, आन् आता वय झालं म्हणून नाना. वस्ती आमची म्हसवडाच्या अल्याड, माळावर, चार घरं आन् आठ बाभळी. शाळा म्हणाल तर दुसरी, ती बी पुरी न्हाई. मास्तरानं एकदा पाटी फोडल्याचा आळ घातला, कबूल कर मगच खाली बस म्हणला, मी सांजंपातूर उभा ऱ्हायलो, आन् दुसऱ्या दिवशी गेलोच न्हाई. पाटी मीच फोडली हुती. तुमी लिवून घेताय तर खरं तेच सांगतो, पण त्यावेळी न्हाई सांगितलं.

बा दुसऱ्याच्या मळ्यात मोट हाकायचा. तुमी मोट बघितली नसंल. इहिरीच्या तोंडाला चाक, चाकावरनं नाडा, नाड्याला चामड्याची मोट, आन् दुसऱ्या टोकाला बैलं. बैलं चालायची ती उताराची धाव असायची, हे ध्यानात घ्या, इहिरीपासनं लांब जाताना उतार. आमी पोरं बाला म्हणायचो, उतार कशाला केला रं बा, तर तो म्हणायचा, बैल काय खांद्यानं एकट्यानं वडतोय व्हय, बैलाचं आंग वडतंय, त्याचं वजन खाली जातंय म्हणून पाणी वर येतंय. पाच-सहा वर्साचा असंन मी. पण ते डोक्यात बसलं.

मंग मी जरा अंगानं भरलो तसा यारीवर गेलो. यारी म्हंजी इहीर खोदताना खालचा डबर, म्हंजी फुटका दगड, वर वडायचं यंत्र, एक लोखंडी दांडा, त्याला कपी, वायररोप, डबराची बादली म्हंजी टप, आन् पाठीमागं इंजिन. आमची टोळी तासगावाकडं लय फिरली, द्राक्षांच्या बागा वाढल्या तशा इहिरी वाढल्या, एका एका वावरात दोन दोन. मी तीस-बत्तीस वर्सं यारीचा दांडा धरलाय. किती इहिरी केल्या म्हणून इचाराल तर मोजल्या न्हाईत, पण माझ्या यारीखाली एक माणूस मेला न्हाई, एवढं मात्र मोजलंय. टप हलला की मी वरनं आरोळी ठोकायचो, हुश्शार, आन् खालची माणसं कडंला भितीला पाठ लावून उभी. आरोळीबगार टप हलला तर मी सोता इंजिन बंद करून घरी जायचो. लोक म्हणायचे, लय कडक गडी. व्हय, हुतोच.

दगड मला कळायचा. नुसतं बघून सांगायचो हा इतका भरंल, आन् काट्यावर घातला तर चार-पाच किलोचा फरक. ह्याच्यात खोटं न्हाई. पण माणसाला एक कळाय लागलं की त्याला वाटतं समदंच कळतंय.

काय सांगू तुम्हाला, दुसऱ्यांच्या वावरात इतकं पाणी काढलं आन् आमचा माळ तसाच कोरडा. मंग मी आन् माझा थोरला भाऊ, त्याला आमी आबा म्हणतो, आमी दोघांनी सामाईकात इहीर पाडायचं ठरवलं. आबा म्हणला, वढ्याच्या कडंला पाडू, तितं उन्हाळ्यात बी हराळी हिरवी असती. मी म्हणलं, आबा, तू जोंधळा बघ, दगड मला कळतो, पाणी हितं वर हाय, घराम्होरं. तो माझ्यापेक्षा आठ वर्सानं मोठा, पण माझ्या यारीचा त्याला अभिमान हुता, म्हणून गप बसला. आन् नुसता गप न्हाई बसला, माझ्या शब्दावर त्यानं डाळिंबाची रोपं आणून लावली. पाणी लागायच्या आधी. मीच म्हणलं हुतं, लाव, रोपं जीव धरंपातूर पाणी येतंय.

साठ फुटाला काळा कातळ लागला. आबा कडंला येऊन बघून गेला, म्हणला, शिदू, ऱ्हाऊ दे आता. मी म्हणलं, ह्याच्याखालीच हाय. सत्तरला परत आला, म्हणला, वढ्याकडं आजून बी पाडू. मी त्याच्याकडं बघितलं बी न्हाई. चौऱ्याऐंशी फुटाला थांबलो, आन् ते बी मी थांबलो न्हाई, यारीचा रोप संपला. थेंब न्हाई. तवर वहिनी आन् तिच्या दोन्ही सुना डोक्यावर घागरी घेऊन वढ्यातनं डाळिंबाला पाणी घालत हुत्या, वैशाखात वढा बी आटला, आन् रोपं एका ओळीनं वाळली. मी काय म्हणलो ठावं हाय का? म्हणलं, आजून दहा फूट गेलो असतो तर लागलं असतं. आबा त्या दिवसापासनं माझ्याशी बोलला न्हाई. सोळा-सतरा वर्सं. घरं समोरासमोर, मधी इहीर. लग्नकार्यात एका मांडवात असायचो, पण त्यानं माझ्याकडनं इडा घेतला न्हाई, आन् मी बी दिला न्हाई.

आन् कुणी इचारलं का मी हेच सांगायचो, दहा फूट कमी पडलं. आमची हौसा, बायको माझी, ती म्हणायची, आवं आता तरी सोडा, तुमचं ते दहा फूट आमच्या नरड्याशी आलंय.

मंग मगदूम मॅडम आल्या. सांगलीकडल्या, जैन, तिथल्या इंजनेरीच्या कॉलेजात शिकवतात. वय लहान, पण चालणं असं की फौजेत काढल्यागत. गाडी वस्तीवर थांबली आन् इचारलं काय, तर हितं पाणी नसलेली खोल इहीर कुठं हाय? माझ्या जल्मात पाणी नसलेली इहीर मागणारं माणूस मी बघितलं न्हवतं. आन् पोरांनी काय सांगावं, शिदूनानाकडं जावा, कोरडी पायजे तर त्याच्यासारखी कोरडी आख्ख्या मुलखात न्हाई. ते मी दारातनं ऐकलं. मॅडम आल्या तशा त्यांना म्हणलं, ती कोरडी न्हाई, आजून खोदायची ऱ्हायलीय, आन् आत गेलो. हौसानं त्यांना चहा दिला.

चार दिवसानं परत आल्या. मी खाटेवर बसून ऱ्हायलो. त्या खाली जमिनीवर बसल्या, आन् वरच्या पठाराकडं हात केला, तितं पवनचक्क्या हायत बघा, म्हणल्या, नाना, ह्या वारा असला की फिरत्यात, पण वारा काय आपल्या दिवा लावायच्या वेळंला येत न्हाई. ऊन बी तसंच, दुपारी मोप आन् गरज संध्याकाळी. मंग दुपारची ताकद संध्याकाळपातूर ठिवायची कशात? मी म्हणलं, बॅटरीत ठिवा, माझ्या मोबाइलात बी हाय. त्या म्हणल्या, ठिवत्यात की, पण ती थकती, काही वर्सांनी टाकायला लागती. म्हणून काय जण वजनात ठिवून बघत्यात. दुपारच्या उन्हावर मोटार चालवायची, इहिरीतनं एक जड वजन वर घ्यायचं, आन् सांजंला ते सावकाश खाली सोडायचं, खाली जाताना ते चाक फिरवंल आन् चाकानं दिवा लागंल.

मी खाटेवरनं उतरून खाली बसलो. कारण मला बाची मोट दिसाय लागली, आन् दुसरं बी एक. यारीवर वर वडताना इंजिन डिझेल खातंय, पण पंप न्हाईतर सिमेंटची कडी अशी जड चीज खाली सोडायची झाली की इंजिन सुटं आन् नुसता ब्रेक. ब्रेकचा पट्टा तापून करपट वास सुटायचा, आमी त्याच्यावर पाणी मारायचो. मी मॅडमला ते सांगितलं तर त्या हसल्या, म्हणल्या, नाना, तोच तुमचा दिवा. बत्तीस वर्सं तुमी तो ब्रेकात जाळला. आता असं कुणी बोललं की मला राग येतो. पण त्याचा न्हाई आला. मी म्हणलं, वापरा इहीर.

पण इहीर सामाईक. सातबाऱ्यावर दोघांची नावं, कॉलेजाला दोघांची सही पायजे. मी हौसाला धाडलं. आबा तिला म्हणला, ज्यानं खोदली त्याला येऊ दे. दोन दिवस मी गेलो न्हाई. तिसऱ्या दिवशी गेलो आन् उंबऱ्याच्या भाईर उभा ऱ्हायलो, म्हणलं, सही पायजे. आबा भिताडाला टेकून बसला हुता, त्यानं माझ्याकडं न बघता इचारलं, कशाला? म्हणलं, इहिरीत वजन सोडायचंय, त्याच्यानं दिवा लागतो. तो म्हणला, आधी पाणी काढणार हुतास, आता दिवा काढतोस व्हय? आन् कागद मांडीवर घिऊन सही ठोकली. कागद मला न देता मॅडमच्या हातात दिला, म्हणला, बाई, हा सांगंल त्याच्यावर काय लावू नका.

मॅडमनी पोरं आणली, पत्र्यावर सोलर आणलं, गिअर आणला, आन् एक लोखंडी पिंजरा केला, त्याच्यात दगड भरायचे. किती? एक टन, म्हणल्या, त्याच्यावर एक दगड न्हाई, ब्रेक तेवढ्याचाच हाय. इहिरीच्याच डबराचा ढीग कडंला पडला हुता सोळा-सतरा वर्सं, मॅडम म्हणल्या, तोच भरा. मला ते जड गेलं. आमच्या टोळीत भाईर काढलेला दगड परत आत सोडत नसायचे, ते म्हंजी इहीर बुजवायला काढल्यागत. मी वढ्यातनं गोटं आणले गाढवावर घालून, आन् बघून बघून भरले. टन म्हंजी टन. मॅडमचा माझ्या डोळ्यावर इश्वास हुता, त्यांनी मोजलं न्हाई.

मी वस्तीला सांगून बसलो हुतो, दोन्ही घरांना दिवे लागतील, एखादी मोटार बी चालंल. का सांगितलं? कुणी इचारलं म्हणून. पहिल्या दिवशी मॅडमनी दिवस मावळायच्या आत आपला डबा खाऊन घेतला, त्यांच्यात अंधार पडल्यावर जेवत न्हाईत, आन् मंग कळ दाबली. वजन इतकं हळू उतरत हुतं की ते हलतंय हे बी दिसंना. आन् लागला काय, तर एक दिवा. एकच. हौसाच्या भाकरी थापून, जेवणं हुऊन, भांडी घासून हुईस्तोवर जळला आन् गेला. सगळी वस्ती बघाय जमली हुती. एक जण म्हणला, नाना, टनाचा दगड आन् एक दिवा, मोटारीला काय आता डोंगुर टांगायचा का? हसले की हो समदे.

मी मॅडमला इचारलं, एवढंच? त्यांनी सरळ सांगितलं, एवढंच नाना. वजनात ताकद लय थोडी मावती. म्हणून जितं मोठं काम हाय तितं डोंगरावर एक तळं आन् खाली एक तळं करत्यात, पाणीच वर चढवत्यात, आख्खं तळं वजन म्हणून वापरत्यात. आपली इहीर हाय ती शिकायसाठी, पोरांना हिशेब डोळ्यानं दिसावा म्हणून. मला ते पटलं पण सोसलं न्हाई. शिकायसाठी. चौऱ्याऐंशी फूट आमी सुरुंग लावून गेलो ते शिकायसाठी.

मंग मी काय केलं ते सांगतो. मॅडमचे मोठे सर बघाय येणार हुते. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी, वस्तीवर कुणी न्हाई असं बघून, मी इहिरीच्या तोंडावर फळ्यांवर टेकवून ठिवलेल्या पिंजऱ्यात आजून गोटं भरले. वाईच जास्त म्हणता म्हणता निम्म्यानं जास्त भरले. जास्त वजन म्हंजी जास्त येळ दिवा, एवढा हिशेब मला कळला हुता. ब्रेकचा हिशेब मला तुमच्यापेक्षा चांगला कळतो, पण त्या दिवशी मी तो केला न्हाई. करायचाच न्हवता.

सर आले. आबा बी आला, सहीचा धनी म्हणून त्याला बोलावलं हुतं, तो डबराच्या ढिगावर जाऊन बसला. फळ्या काढायसाठी मोटारीनं वजन वर उचललं ते कण्हत कण्हत, तवाच मला समजलं. तोंड उघडून थांबवा म्हणायचं हुतं. न्हाई म्हणलं. मॅडमनी कळ दाबली, वजन दोन हात सावकाश गेलं, आन् मंग तो वास आला. तो वास आला तशी माझ्या तोंडातनं आपोआप आरोळी सुटली, हुश्शार, आन् मी मॅडमला दंडाला धरून पाठीमागं वडलं, आन् रोप सुटला तो शिट्टी वाजवत. खाली जो आवाज झाला तो सुरुंगाचा आवाज. इहिरीतनं धुरळा वर आला. कुणाला खरचटलं बी न्हाई.

सर मॅडमना बोलाय लागले, हिशेब कुणी केला, माणूस मेला असता तर, हे समदं बंद करा, आन् तुमी मला लेखी द्या. मॅडम म्हणल्या, हिशेब माझा हुता सर, वजन मी तपासायला पायजे हुतं. आन् माझ्याकडं एकदा बघितलं. त्यांना कळलं हुतं. त्यांच्या पोरांनी वाकून बघितलं तरी दिसलं असतं, खाली गोट्यांचा खच किती पडलाय ते. तरी त्या बाईनं माझं नाव घेतलं न्हाई. म्हाताऱ्याचा मान ठिवला.

आता मला सांगा, मी गप बसलो असतो तर काय झालं असतं? कायबी न्हाई. त्या सांगलीला गेल्या असत्या, त्यांच्या नावावर बट्टा लागला असता, आन् मी पुढं म्हणत बसलो असतो की ब्रेक कच्चा हुता. तोंडापातूर आलं बी हुतं, ब्रेक कच्चा. पण आबा समोर बसला हुता, आन् त्यानं पायाखालचा एक दगड उचलून हातात धरला हुता, आमच्या त्याच इहिरीतला, काळा, नुसता फिरवत हुता. तो माझ्याकडं बघत बी न्हवता. त्याला ठावंच हुतं मी काय बोलणार ते.

मी म्हणलं, साहेब, बाईंची चूक न्हाई. गोटं मी भरले, काल, चोरून. सर म्हणले, का? म्हणलं, एक दिवा लागला त्याची मला लाज वाटली. आन् थांबाय पायजे हुतं, पण जीभ सुटली ती सुटलीच, म्हणलं, ही इहीर बी माझीच चूक हाय, साठ फुटाला मला कळलं हुतं खाली पाणी न्हाई, यारीवाल्याला कळतंय, कातळाचा वास येगळा येतो. आबानं थांब म्हणलं म्हणून मी थांबलो न्हाई. डाळिंबं माझ्यामुळं वाळली.

सरांना काय डाळिंबं कळली नसणार. आबा उठला, धोतर झाडलं, आन् सरांना म्हणला, साहेब, तुमी लेखी मागत हुता न्हवं, हे लिवून घ्या. शिदू चूक म्हणला. खाली आजची तारीख घाला, न्हाईतर उद्या पलटंल. मॅडम तोंडाला पदर लावून हसाय लागल्या, मंग सर बी हसले. मला हसू आलं न्हाई. मी तितंच खाली बसलो.

आबानं बोलायला सुरवात केली म्हणून लगीच गळ्यात गळा घातला असं काय झालं न्हाई. दुसऱ्या दिवशी तो कांद्याचा तोलकाटा घिऊन आला, आन् म्हणला, तुझा डोळा नगं, काटा पायजे. डबराच्या ढिगातलाच दगड उचलाय लागला. मी म्हणलं, आबा, ह्यो इहिरीतला हाय, परत आत सोडत न्हाईत. तो म्हणला, इहीर हाय कुठं, भोक हाय ते. उचल. मी उचलला. एक टन आमी दोघांनी काट्यावर मोजून भरला, तो आकडा बोलायचा आन् मी दगड द्यायचो. मधी एकदा काटा बाजूला ठिवून त्यानं मला मुद्दाम इचारलं, हा किती भरंल? म्हणलं, तेवीस. भरला तेवीस. तो दगड त्यानं सोता पिंजऱ्यात टाकला, मला बरं वाटलं.

सरांनी बंद करा म्हणलं हुतं, ते मॅडमनी कसं निभावलं त्यांनाच ठावं. दोन ब्रेक लावून परत उभं केलं. तारेचा इचार निघाला, दिवा कुणाच्या घरला, तर मी म्हणलं, आबाच्या गोठ्यात. हौसा माझ्याकडं बघाय लागली. वहिनी आता न्हाई, तिनं तो दिवा बघितला न्हाई, ती दोन वर्सं आधी गेली. ते माझ्याकडनं भरून निघणार न्हाई, आन् आबानं ते कवा काढलं बी न्हाई.

आता मॅडमची पोरं म्हयन्यातनं एकदा येत्यात, वहीत काय बाय लिवत्यात, आन् रोजचं आमी दोघं बघतो. दुपारी वजन वर आलंय का मी बघतो. दिवस मावळला की कळ आबा दाबतो, ती मला दाबू देत न्हाई. मंग गोठ्यात बसतो. म्हशीची धार निघती, तो वैरण टाकतो, मी तंबाखू मळतो. इतक्या वर्सांचं बोलायचं साठलं असंल असं तुम्हाला वाटंल, पण तसं न्हाई. रोप किती उतरला असंल ह्याच्यावर भांडतो. पुरतंय तेवढं.

माझा पोरगा साताऱ्याला कंपनीत हाय, तो म्हणतो, नाना, ही इहीर आता बुजवू या, वर शेड घालू, नातवंडं खेळत्यात, धोका हाय. बरोबर हाय त्याचं. मी त्याला म्हणलं, बुजव. माझ्या आन् आबाच्या माघारी बुजव, मला राग न्हाई. तुमी बी लिवून ठिवा, म्हंजी तो न्हाई म्हणायचा न्हाई. पण त्या दिवशी आधी वजन खाली घे. घाईनं न्हाई, सावकाश सोड, दिवा जळू दे त्याला जळायचा तेवढा. टांगलेलं वजन तसंच ठिवून यारीवाला घरी जात न्हाई. ते तळाला टेकलं, रोप ढिला पडला, की मंग माती टाकायला सुरवात कर.

बसा, चहा येतोय. आज ऊन चांगलं हाय, वजन वर आलं असंल.